खोडलेल्या ओळींचा पाठ

एका दिवंगत मराठी कवीची स्वहस्ते दुरुस्त केलेली हस्तलिखिते मी काही वर्षे जमवतो आहे. छापील संग्रहात कविता निर्णयरूपाने भेटते. खर्ड्यात त्या निर्णयामागची घालमेल दिसते. एक शब्द खोडलेला, समासात दुसरा सुचवलेला, अखेर तोही खोडून पहिलाच ठेवलेला. ही खाडाखोड निर्मितिप्रक्रियेचा पुरावाच होय.

पण रेघ कोणाच्या हातची, हे आधी ठरवावे लागते. ‘द वेस्ट लँड’चे खर्डे एलियटने १९२२ साली जॉन क्विनला दिले. १९७१ मध्ये व्हॅलरी एलियट यांनी ते प्रतिचित्रांसह प्रसिद्ध केले, तेव्हा एझरा पाउंडच्या काटछाटीची व्याप्ती वाचकांसमोर आली. त्यामुळे १९२२ ची छापील कविता रद्द ठरली नाही. एकट्या निर्मात्याची कल्पना मात्र डळमळली.

माझ्या संग्रहातील एक वगळलेले कडवे ‘अप्रकाशित कविता’ म्हणून छापावे, असा आग्रह काही मित्र धरतात. मला तो मान्य नाही. खोडणे हीदेखील कवीचीच लेखनकृती आहे. ते कडवे छापायचेच, तर त्यावरील रेघेसह छापावे.