झाडोऱ्यातली रायफल

पांढुर्णा-सौंसरचा मुलूख संत्र्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु ओढ्याकाठच्या घाणेरीच्या जाळ्यांत रानडुकरांचाही संसार असतो. एका रात्रीत मक्याचे शेत लोळविणाऱ्या या प्राण्याकडे वराहावताराच्या भक्तिभावाने पाहणे शेतकऱ्याला फार काळ जमत नाही. म्हणूनच जमिनीच्या दाव्यासाठी आलेले पक्षकार आम्हांस मध्येच विचारतात, ‘वकीलसाहेब, दाट झाडोऱ्यासाठी रायफल कोणती घ्यावी?’

कायद्याचे उत्तर आधी द्यावयास हवे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने हौसेची शिकार संपविली. उभ्या पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर मारण्यास कलम ११ अन्वये परवानगी मिळू शकते. पण ती अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी व सकारण आदेशानेच. शस्त्राचा परवाना निराळा आणि हा आदेश निराळा. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

आता शस्त्राविषयी. झाडोऱ्यात आखूड, हलकी आणि खांद्याला चटकन लागणारी रायफल बरी. लांब नळी वेलींत अडकते. दुर्बीण लावायचीच तर कमी शक्तीची, पुष्कळसा परिसर एकदम दाखविणारी असावी. पन्नास पावलांवर मोठी दुर्बीण केवळ पानेच मोठी करून दाखविते.

जड, संथ गोळी फांद्या कापीत सरळ जाते आणि हलकी, वेगवान गोळी भरकटते, अशी जुन्या शिकाऱ्यांची श्रद्धा होती. प्रत्यक्ष चाचण्यांत ती टिकली नाही. गोळी आपल्या फिरकीवर तोल सांभाळते. काटकीचा धक्का बसून तो तोल ढळला, की जड काय अन् हलकी काय, दोन्ही वाट सोडतात. काटकी जनावराला लागूनच असेल तर चूक थोडी; ती जितकी अलीकडे, तितका फेर अधिक. मग जनावर जखमी होऊन जाळीत शिरते, किंवा गोळी पलीकडच्या बागेतल्या राखणदाराकडे जाते. झाडोरा भेदणारी रायफल अद्याप कोणी घडविलेली नाही.

शरयूकाठी दशरथाच्या धनुष्यात खोट नव्हती, नेमातही नव्हती. पाण्यात बुडणाऱ्या घड्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला आणि बाण श्रावणाला लागला. न दिसलेल्यावर सोडलेला बाण अचूक लागला, हाच तेथला अनर्थ होय.

हयगयीने मृत्यू घडविणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दशरथाला मात्र पुत्रवियोगाने प्राण द्यावे लागले. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. झाडोऱ्यात तो झुडपामागे हललेल्या प्रत्येक जिवाला मिळावा, असे आम्हांस वाटते. म्हणून पक्षकारांना आमचे सांगणे एवढेच असते: रायफल आपल्या हाताला पेलेल ती घ्यावी, परंतु जनावर ओळखू येईपर्यंत, मध्ये काटकी नाही आणि मागे माणूस नाही अशी खात्री पटेपर्यंत, बोट घोड्यावर ठेवू नये. तोवर डुक्कर निघून गेले, तर जाऊ द्यावे. मका पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतो.