जुलैचा कोळसा

माझं गाव तेर, संत गोरोबाकाकांचं. आमच्या घरामागे कुंभाराचा वाडा होता. शाळा सुटली की मी तिथं माती तुडवायला जायचो. कुंभारकाका मातीचा गोळा मुठीत दाबून बघायचे आणि म्हणायचे, "कोरडी ओघळती, पातळ वाहती. मधल्या वलीची माती हात सोडत नाही."

पुढे मेकॅनिकल इंजिनीअर झालो आणि औष्णिक वीज केंद्रांचे कोल हँडलिंग प्लान्ट डिझाइन करू लागलो. लांबून लोकांना चिमणी दिसते, कूलिंग टॉवर दिसतात. पण २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारानं चालला, की दिवसाला चार हजार टनांच्या आसपास कोळसा जाळतो, म्हणजे जवळपास मालगाडीची एक अख्खी रेक. टिपलर वाघीण उचलून उपडी करतो, क्रशर मोठी ढेकळं वीस मिलिमीटरपर्यंत फोडतो, आणि बेल्टांवरून चढत चढत कोळसा बॉयलरच्या बंकरात पडतो. एका बेल्टवरून दुसऱ्यावर पडायला मध्ये जाड पत्र्याची बंदिस्त घसरण असते. तिला चूट म्हणतात. मी पहिल्यांदा स्वतंत्रपणे काढलं ते अशाच एका चुटीचं ड्रॉइंग.

पत्रे ६५ अंशांवर ठेवले. हिशेब मंजूर झाला, प्लान्ट उभा राहिला आणि उन्हाळाभर कोळसा खळखळ वाहिला.

जुलैत रात्री फोन आला. वाघिणी उघड्या असतात, खाणीतून कोळशाबरोबर चिकणमाती आलेली असते, त्यात वाटभर पाऊस. चूट जाम झाली होती. मी साइटवर पोहोचलो तेव्हा बेल्टची वीज तोडून, कमरेला दोरी बांधून एक कामगार पहार घेऊन आत उतरला होता. वर चिकटलेला थर अचानक सुटला आणि तो छातीपर्यंत गाडला गेला. दोरी धरणाऱ्या दोघांनी त्याला ओढून काढलं. तो जिवंत निघाला. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

सकाळी मी स्वतः आत वाकून पाहिलं. सपाट पत्र्यावर थर पातळ होता. कोळसा धरला होता तो दोन पत्रे जिथं काटकोनात मिळतात त्या कोपऱ्यात. बोटानं खरवडला, मुठीत दाबला. मुठीनं तो सोडला नाही. कुंभारकाकांचं वाक्य तिथं आठवलं.

चूक माझीच होती. दोन्ही पत्रे ६५ अंशांवर असले, तरी त्यांच्यामधल्या कोपऱ्याचा उतार भरतो साधारण ५७ अंश. कोळसा साचतो कोपऱ्यात, आणि मी कोन मोजला होता पत्र्याचा. कोपरा ६५ अंशांवर हवा असेल, तर पत्रे ७२ अंशांपर्यंत उभे करावे लागतात. मग चूट उंच होते, तिच्याबरोबर टॉवर उंच होतो. बेल्टचा चढ सोळा अंशांच्या आसपासच ठेवावा लागतो, नाहीतर कोळसा मागं घरंगळतो. त्यामुळं वरचं टोक एक मीटर चढवलं, तर बेल्ट साडेतीन मीटरनं लांबतो. पोलाद वाढतं, पाया वाढतो, अंदाजपत्रक वाढतं. हा मीटर वाचवायचा मोह टेबलावर प्रत्येकाला होतो. मलाही झाला होता.

उभा टॉवर उंच करणं शक्य नव्हतं. आम्ही कोपरे कापून गोलाई दिली, आतून गुळगुळीत स्टेनलेस स्टीलचं लायनर बसवलं आणि बाहेरच्या बाजूला झाकण असलेली खिडकी ठेवली, म्हणजे माणसाला आत न उतरता बाहेरून पहार चालवता येईल. ही खिडकी कुठं हवी, ते मला त्या दोरी धरणाऱ्यांनीच दाखवलं. पुढच्या जुलैत चूट दोन-तीनदा तुंबली, पण आत कुणी उतरलं नाही.

माझा मुलूख मात्र दुष्काळाचा. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातलं परळीचं वीज केंद्र २०१३च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. त्याच वर्षी आमच्याकडं टँकर फिरत होते. पाण्याची वाट पाहणाऱ्या मुलखात वाढलेल्या माणसाला पावसाचा धाक समजायला एक चूट तुंबावी लागली.

आज नवीन प्लान्टची ड्रॉइंग तपासणाऱ्या तरुण इंजिनीअरांना माझी विनंती आहे. मे महिन्यातल्या कोळशाच्या चाचणीवर सही करू नका. जुलैचा नमुना मागवा, मुठीत दाबून पाहा, आणि कोन कोपऱ्याचा मोजा.