झाशीहून निघालेला बायोडेटा

झाशीत मराठी घरे पेशव्यांच्या काळापासून आहेत. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि नोकरीसाठी डोळे पुण्या-मुंबईकडे, अशी तिथल्या कित्येक तरुणांची स्थिती. अशाच एका घरातील बी.एड. झालेल्या मुलीने पुण्याच्या एका शाळेत हिंदी शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला. सदर बाजारातील टायपिंगवाल्याने बायोडेटा 'कृतिदेव' फॉन्टमध्ये सुबक टाइप करून दिला. तिने ती वर्डची फाइल ई-मेलने पाठवली आणि घरचे फोनची वाट पाहू लागले.

आठवड्याने उत्तर आले, तेही एका ओळीचे. बायोडेटा वाचता येत नाही, पुन्हा पाठवा.

"अगं, अर्ज पोचला आणि अक्षरं नाही पोचली, असं कसं होईल?" आजीने विचारले. तिच्या काळी फुलस्केपवर लिहिलेला अर्ज रजिस्टर पोस्टाने जाई आणि इथे जे लिहिले तेच तिथे वाचले जाई.

पण झाले होते तसेच. कृतिदेव हा जुन्या पद्धतीचा फॉन्ट. त्यात संगणक साठवतो इंग्रजी अक्षरे. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. 'राम' लिहिले तर आत असतात जे, के आणि ई. समोरच्या संगणकावर कृतिदेव नसला की मुखवटा गळून पडतो. आपल्याकडच्या श्रीलिपीतील जुन्या फाइलींचीही हीच गत.

धाकट्या भावाने मग सारा मजकूर युनिकोडमध्ये, 'मंगल' फॉन्टमध्ये, नव्याने टाइप केला आणि फाइल पीडीएफ करून घेतली. १९९३ साली अॅडोबीने आणलेला हा प्रकार २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरला. वापरलेला फॉन्ट त्याला सोबत बांधून नेता येतो, म्हणून पान कुठेही तसेच दिसते. भावाने ती फाइल आधी पुण्याच्या काकांच्या मोबाइलवर धाडली. काकांनी फोनवरून पहिला परिच्छेद वाचून दाखवला, तेव्हा कुठे ती शाळेकडे गेली.

मात्र छापील कागदाचा मोबाइलने फोटो काढून केलेली पीडीएफ म्हणजे नुसते चित्र. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळते. चित्रातली पदवी त्याच्या नजरेतून सुटू शकते. नोकरी देणाऱ्या एजन्सीने वर्डची फाइल मागितली, तर ती बिनतक्रार द्यावी. पुष्कळदा त्यांना बायोडेटा आपल्या लेटरहेडवर घ्यायचा असतो. अशा फाइलीत चौकटी, रंगीत पट्ट्या यांची हौस टाळलेली बरी. जाहिरातीत जो प्रकार लिहिला असेल तोच पाठवावा, हे तर उघडच आहे.

आणि फाइलीचे नाव? 'न्यू फायनल २' असे कशाला? आपले नाव आणि पद लिहावे. सायबर कॅफेतून निघताना पत्ता, फोन नंबर असलेली ती फाइल तिथल्या संगणकावरून पुसून टाकावी, रिसायकल बिनमधूनही.