फक्त गॅस्केट गेलंय

नवरात्र बसलं की माझ्या गॅरेजवर दुरुस्तीच्या गाड्यांपेक्षा "मिस्त्री, जरा गाडी बघायला चला" असे फोन जास्त येतात. दसऱ्याला नाहीतर दिवाळीच्या पाडव्याला दारात चारचाकी उभी राहिली पाहिजे, नवी परवडत नसली तर जुनी चालेल. कोयनानगरात राहून भर पावसात दुचाकीवरून पाटणला नोकरी करणाऱ्याचा रेनकोट चार महिने वाळत नाही, म्हणून या हौसेला मी कधी हसत नाही.

मागच्या वर्षी असाच एका गुरुजींचा फोन आला. आवाजात पेढे वाटायची घाई.

"मिस्त्री, गाडी झकास आहे. फक्त गॅस्केट गेलंय. ८-१० हजारांचं काम आहे म्हणतात."

"किमतीत किती सोडतात?"

"बाजारात ३ लाखांना जाते. हे २ लाख १० ला द्यायला तयार आहेत."

"गुरुजी, गणित तुम्ही शिकवता की मी?"

पलीकडे जरा वेळ शांतता. १० हजारांचं काम करून घेऊन ९० हजार जास्त मिळत असतील, तर ते काम विकणाऱ्याने स्वतःच का केलं नाही? याला खरं उत्तरही असू शकतं. बदली झालेली असते, घरात दवाखाना लागलेला असतो, पैसे उद्याच हवे असतात. पण ते उत्तर त्याच्याकडून यायला हवं. आपण त्याच्या वतीने तयार करून द्यायचं नसतं. घेणाऱ्याचं मन एकदा गाडीवर बसलं की विकणाऱ्याची वकिली तोच करायला लागतो.

२७ वर्षं गॅरेज चालवून माझं एक मत झालंय. जुन्या गाडीच्या व्यवहारात 'फक्त' इतका महाग शब्द दुसरा नाही. फक्त सेन्सर, फक्त बेल्ट, फक्त उभी होती म्हणून धूर मारते. हे सांगणारा दर वेळी खोटारडा असतो असंही नाही. दिसणाऱ्या लक्षणाला बसेल असा सगळ्यात छोटा आजार तो निवडतो, एवढंच. त्याच लक्षणाला बसणारे मोठे आजार कोणते आणि ते नाहीत कशावरून, हे बघायचं काम माझं.

माझे वडील धरणाच्या प्रकल्पावर वर्कशॉपात फिटर होते. डंपर बंद पडला की ड्रायव्हर येऊन सांगायचा, "पंप गेलाय." वडील म्हणायचे, "पंपाचं मी बघतो. काय झालं, कधी झालं आणि त्यानंतर किती चालवलीस, एवढं सांग." हे तीन प्रश्न मला वारशात मिळाले. विकणाऱ्याच्या बोलण्यात तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. काय झालं, हे त्याने डोळ्यांनी बघितलेलं असतं. कशामुळे झालं, हे त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं. खर्च किती, हा त्याचा अंदाज किंवा त्याची इच्छा. पहिली गोष्ट ऐकून घ्यावी, दुसरी तपासावी, तिसरी सोडून द्यावी.

आता गॅस्केटचंच घ्या. इंजिनचा ब्लॉक खाली, हेड वर आणि दोन्हींच्या मधे हा पातळ पत्रा. आग, पाणी आणि ऑइल अशा तीन भांडखोर शेजाऱ्यांमधली ही भिंत. ती बहुतेक वेळा आपणहून पडत नाही, इंजिन तापल्यामुळे पडते. म्हणून 'गॅस्केट गेलं' हे उत्तर अर्धंच. काटा वर गेल्यावर गाडी जागेवर थांबवली की दामटली, हा खरा प्रश्न. आमच्या कुंभार्ली घाटात हे नेहमीचं. पोफळीकडून वर येताना पुढे ट्रक, दुसरा गिअर, एसी चालू, काटा लालवर. माणूस म्हणतो, आता थांबून काय करायचं, वर हेळवाकला जाऊन बघू. त्या चार वळणांत अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, कधी तडकतं. वाकलं तर कराडला फेस मारून आणता येतं. तडकलं तर हिशेब नव्याने मांडायचा.

म्हणून गाडी बघायला मी सकाळी लवकर आणि न सांगता लवकर जातो. बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर कोणीतरी माझ्या आधी गाडी चालू करून तिची झोप मोडलेली आहे. गार इंजिनवरच रेडिएटरचं झाकण उघडावं, गरमवर कधीच नाही. पाणी बघावं. रंगीत कूलंट आहे, की साधं गंजकं पाणी, की वर तेलाचा तवंग? एकदा पाण्याला चक्क पिवळी झाक होती. रेडिएटरची गळती बुजवायला हळद टाकायचा उपाय ड्रायव्हरमंडळींत जुना आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते रेडिएटरसाठी नव्हे. मग झाकण न लावताच इंजिन चालू करावं. पाण्यात बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावल्यावर इंजिन गार असतानाच मिनिटाभरात वरची नळी दगडासारखी कडक झाली, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय.

इथे आमच्या गावाची एक खोड सांगायला हवी. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की शहरातला मिस्त्री लगेच "ऑइलमध्ये पाणी" म्हणून मोकळा होतो. कोयनानगरात जुलै-ऑगस्टमध्ये धुकं घरात येऊन बसतं. शाळेपर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत येणारं इंजिन पुरतं तापतच नाही आणि हवेतली ओल झाकणाखाली साय धरते. तेव्हा गेज काढून बघावं. गेजवरचं ऑइल नितळ असेल तर तो पावसाचा प्रसाद. तेही चहासारखं दुधाळ असेल, तर मात्र पाकीट खिशातच राहू द्यावं. विकणाऱ्याचा प्रत्येक खुलासा थाप नसतो, हे मला याच सायीने शिकवलं.

याच्या उलट एक खुलासा मला नेहमी सावध करतो. "गाडी अजिबात हीट होत नाही." काटा तळाला चिकटलेला, मालक खूश. पुष्कळदा कोणीतरी थर्मोस्टॅट काढून फेकलेला असतो आणि फॅन डायरेक्ट केलेला असतो, म्हणजे चावी फिरवली की फॅन सुरू. इंजिनलाही अंग शेकायला ठरावीक उष्णता लागते. न तापणारं इंजिन निरोगी नव्हे, त्याचा ताप दाबून ठेवलेला आहे.

धुराचं थोडक्यात. थंडीत सकाळी पांढरी वाफ निघते आणि थोड्या वेळात विरते, ती सोडून द्यावी. गोडसर वासाचा पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट जळतंय. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, आणि त्याचं कारण तुंबलेल्या एअर फिल्टरइतकं स्वस्त असू शकतं. निळा धूर कधी येतो ते महत्त्वाचं. त्यासाठी मला यंत्र लागत नाही, घाट पुरतो. गिअरमध्ये पाय सोडून उतार उतरावा आणि खाली एकदम अ‍ॅक्सिलरेटर द्यावा. आरशात निळा भपका दिसला आणि विरला, तर व्हॉल्व्हचे सील. चढावर सतत निळा माग राहिला, तर रिंगा आणि लायनर. वर पोचल्यावर चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून उलटं ठेवावं. ते नाचायला लागलं, तर आमच्या भाषेत इंजिन बॅक मारतंय. पहिल्या कामाला हेडपर्यंत हात घालावा लागतो, दुसऱ्याला इंजिन उतरवावं लागतं. "थोडा धूर मारते" या तीन शब्दांत दोन्ही मावतात.

'फक्त सेन्सर'ची गंमत वेगळी. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असतो, स्कॅनर लावला की कोड येतो, कोडमध्ये सेन्सरचं नाव असतं. झालं, सेन्सर खराब! आम्ही भूकंपाच्या गावचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेनंतर जन्मलेल्यांनाही भूकंपमापक म्हणजे काय ते पाळण्यात कळतं. सुई हलली म्हणून सुई बदला असं इथे कोणी म्हणत नाही. सेन्सर पुष्कळदा खरं बोलत असतो, म्हणून तर दिवा लागतो. उलट दिवा नसेल तरी बघावं. चावी फिरवल्यावर, इंजिन चालू व्हायच्या आधी, तो क्षणभर लागलाच पाहिजे. लागला नाही तर कोणीतरी त्याची जीभ कापली आहे. आणि आदल्या दिवशी कोड पुसले असतील, तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अजून अपुऱ्या आहेत असं स्कॅनरवर दिसतं. "काल बॅटरी काढली होती" हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. मग दोन-तीन दिवस गाडी चालवून परत या म्हणावं.

आता पाण्याचं. कोयनेचं पाणी दोन्हीकडे जातं. धरणाच्या सांडव्यावरून सुटलेलं पूर्वेला कराडला कृष्णेला मिळतं आणि पुढे सांगलीला जातं. बोगद्यांतून पोफळीच्या वीजघरात उतरलेलं पश्चिमेला वाशिष्ठीत, म्हणजे चिपळूणला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली पाण्यात होती, २२ जुलै २०२१ ला चिपळूण. दोन्ही वेळा पुढची दोन वर्षं माझ्या अंगणात दोन्हीकडच्या गाड्या 'एकहाती, कमी चाललेली' म्हणून तपासायला आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की आतल्या टोकावर गाळाची रेघ दिसायची, चिपळूणची तांबूस, कृष्णाकाठची काळसर. बेल्ट धुवायचं कोणाला सुचत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, फ्यूज बॉक्सच्या मागची बाजू आणि गाडीत मारलेलं भरमसाट अत्तर, हे बाकीचे साक्षीदार.

इंजिनाला पुराचा धोका वेगळाच. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना घाबरून कोणी स्टार्टर मारला की पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो. पाणी काढलं, ऑइल बदललं की तेच इंजिन चालू होतं. वाकलेला रॉड महिनोन् महिने चालतो आणि एक दिवस ब्लॉक फोडून बाहेर येतो. तो आधी पकडायचा तर कॉम्प्रेशन घ्यावं. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत ते १५० ते १८० पीएसआय भरतं, डिझेलमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघावा. एकच सिलिंडर कमी दाखवतोय, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्यावं. आकडा चढला तर रिंगा. चढला नाही तर व्हॉल्व्ह, गॅस्केट किंवा हा वाकलेला रॉड, कारण त्या पिस्टनला वरपर्यंत पोचताच येत नाही.

कागदही बोलतात. विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस छापलेला असतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांवर जातो. जुना मालक, गाडी तीच, आणि २०२१ नंतर बोनस शून्यावर आलेला असेल तर त्या वर्षी काय झालं हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. तो बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, म्हणून मालक नुकताच बदललेला असेल तर हा पुरावा चालत नाही.

एवढं सगळं सांगून माझी चूकही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त गृहस्थांनी सांगितलं होतं, "फक्त नळी फुटली होती, तिथेच थांबलो, नळी बदलली." मला 'फक्त' ऐकू आलं, पण 'तिथेच थांबलो' ऐकू आलं नाही. घेणाऱ्याला मी नको म्हटलं. ती गाडी दुसऱ्याने घेतली आणि आजही माझ्या दारावरून हॉर्न देत जाते. वडिलांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या माणसाने न विचारता दिलं होतं. संशयाचीही सवय लागते, आणि सवय लागलेला मिस्त्री तपासणं सोडून देतो.

आमच्याकडे गाडी टाकणाऱ्या पाटणच्या एका वकीलसाहेबांनी मला १८७२ च्या करार कायद्यातला घोडा सांगितला. कलम १७ खालच्या उदाहरणात, लिलावात खोड असलेला घोडा विकताना मालक नुसता गप्प बसला तर ती फसवणूक धरत नाहीत. पण घेणाऱ्याने म्हटलं, "तुम्ही नाही म्हटलं नाही तर मी घोडा धडधाकट समजेन," आणि मालक तरीही गप्प राहिला, तर ते गप्प बसणं बोलण्यासारखंच. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर तीन ओळी पाठवायला लावतो: गाडी कधी हीट झाली का, पाण्यात गेली होती का, इंजिन खोललंय का. उत्तर काय येतं ते बघायचं, आणि किती वेळाने येतं तेही.

तर गुरुजींची गाडी. नळी कडक होत होती. स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडला, तर तीन पिस्टनांवर काजळी आणि एक धुतल्यासारखा लख्ख. पाणी आत येऊन वाफ झालं की पिस्टन असा स्वच्छ होतो. म्हणजे गॅस्केट गेलंय ही गोष्ट खरी होती. प्रश्न 'फक्त'चाच उरला. मी मालकांना म्हटलं, "हेड खोलू. निव्वळ गॅस्केट निघालं तर खोलायची मजुरी गुरुजी देतील आणि भाव तुम्ही म्हणता तोच. जास्त निघालं तर मजुरी तुमची आणि भाव पुन्हा बसून." अशा वेळी माणूस काय म्हणतो त्यावर निम्मा निकाल लागतो. ते एक दिवस मागून घेऊन तयार झाले.

हेड कराडला प्रेशर टेस्टला पाठवलं. दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधे केसाएवढा तडा. मालक माझ्यासमोर स्टुलावर बसून बराच वेळ ती रेघ बोटाने चाचपत राहिले. घाटात गाडी तापल्यावर त्यांनी ती एका गॅरेजला दाखवली होती आणि तिथून सरळ विकायला काढली होती. चहा आला, नवा भाव ठरला, दुसरं हेड बसवायचा खर्च त्यातून वजा झाला. गुरुजींची गाडी पाडव्याला न येता तुळशीच्या लग्नाला घरी आली.

जाताना ते मालक चप्पल घालता घालता थांबले. म्हणाले, "मिस्त्री, मला पण त्यांनी 'फक्त'च सांगितलं होतं हो."