शेणाचा सातबारा

नेदरलँड्सच्या उत्तरेला फ्रीसलँड नावाचा प्रांत आहे. लेऊवार्डन ही त्याची राजधानी. तिथल्या एका चौकात गाईचा ब्राँझचा पुतळा आहे, १९५४ साली बसवलेला. नाव ‘उस मेम’, म्हणजे तिथल्या फ्रिजियन भाषेत ‘आमची आई’. हे कळलं तेव्हा मला हसूच आलं. गाईला आई आपण म्हणतो, पुतळे मात्र पुढाऱ्यांचे उभारतो! आमच्या सांगली भागातल्या गोठ्यांतून बांधलेल्या एचएफ गाईंचं, म्हणजे होल्स्टिन फ्रिजियनमधल्या फ्रिजियनचं, माहेर हेच. आम्ही आठ शेतकरी तिथे गेलो होतो ते मात्र दूध बघायला नव्हे, शेण बघायला.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. शहर मागे पडलं आणि गाडीच्या बंद काचांतूनही ओळखीचा वास आत आला. थंडीत गवत वाढत नाही. तेव्हा टाकलेलं शेण पावसाबरोबर चरांत आणि कालव्यांत जातं, म्हणून तिथे हिवाळाभर गवताच्या रानात स्लरी, म्हणजे शेणामुताचा पातळ काला, टाकायला बंदी असते. १६ फेब्रुवारीला ती उठते. तोवर शेणकाला गोठ्याखालच्या टाक्यांत साठवायचा. त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा सगळा प्रांत ट्रॅक्टर घेऊन रानात उतरला होता.

पहिल्या गोठ्याचे मालक साठीचे होते. गाई ११०, जमीन ६० हेक्टर. स्लरी हवेत फवारायची पद्धत तिथे केव्हाच बंद झाली आहे. ट्रॅक्टरमागच्या यंत्राचे तवे गवतात बारीक चिरा पाडत होते आणि काला नळ्यांतून त्या चिरांत सुटत होता. उघड्यावर पडलं की शेणातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. यंत्र पुढे गेलं तरी मागचं रान हिरवंच दिसत होतं. आपल्याकडे शेणखत विसकटल्यावर रान काळं दिसतं आणि बघणाऱ्याला समाधान वाटतं, तसं इथे काहीच नव्हतं.

मग त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात बसवून हिशेब मांडला. युरोपच्या १९९१ च्या नायट्रेट कायद्यानुसार एका हेक्टरला जनावरांच्या खतातून वर्षाला १७० किलोपर्यंतच नत्र देता येतो. म्हणजे ६० हेक्टरला १०,२०० किलो. चांगल्या दुभत्या गाईच्या शेणामुतातून वर्षाला शंभर किलोच्या वर नत्र पडतो. ११० गाईंचा अकरा हजारांच्या पुढे गेला. पूर्वी गवताच्या रानांना हेक्टरी २५० किलोपर्यंत सवलत मिळे, ती टप्प्याटप्प्याने काढून घेतली गेली. उरलेलं शेण टँकरने बाहेर पाठवायचं. टँकरला जीपीएस, प्रत्येक खेपेचं वजन, प्रत्येक खेपेचा नमुना. आणि ते नेण्याचे पैसे शेण देणाऱ्याने मोजायचे. आमच्यातले एक काका म्हणाले, “आमच्याकडं शेणखताची ट्रॉली घ्यायची तर आधी पैसे टेकवावे लागतात!” दुभाष्याने ते सांगितल्यावर मालक हसले नाहीत.

त्यांच्या न हसण्यालाही इतिहास आहे. २०१५ साली दुधाच्या कोट्याची मर्यादा उठली, गाई वाढल्या, शेण वाढलं. २०१८ पासून शेणातल्या स्फुरदाचे हक्क आले: जेवढे हक्क, तेवढ्याच गाई. २०१९ च्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची नत्राबाबतची परवानेपद्धत रद्द ठरवली, आणि गाई कमी कराव्या लागतील या धास्तीने ऑक्टोबरात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन सरकारच्या दारी, हेगला धडकले. पुढे २०२२ साली गावोगाव राष्ट्रध्वज उलटे टांगून निषेध झाला. वाटेत एका खांबावर विटलेला, उलटा ध्वज आम्हीही पाहिला.

दुसऱ्या गोठ्यात मी जमिनीकडेच बघत राहिलो. शेणातलं एक विकर मुतातल्या युरियाला भेटलं की अमोनिया तयार होतो. म्हणून तिथे दोन्ही वेगळं ठेवतात. मूत छिद्रांतून लगेच खाली जातं आणि वर राहिलेलं शेण एक बुटका रोबो सावकाश फिरत गोळा करतो. गाई त्याला वाट करून देत होत्या.

पण मला सगळ्यात पटली ती एक साधी चिठ्ठी. आपल्या दुधाच्या पावतीवर फॅट आणि एसएनएफ असतं. तिथे डेअरी दुधातला युरियाही कळवते. तो चढला तर समजायचं, पेंडीतली प्रथिनं गाईच्या अंगी लागत नाहीत, मुतातून वाहून जाताहेत. म्हणजे शेतकऱ्याचे पैसेच वाहून जाताहेत. चारा किती आला, दूध किती गेलं, मातीत किती उरलं, याची वर्षाची नोंद त्यांच्याकडे असते. आपण जमिनीचा सातबारा जपतो, ते शेणाचा जपतात.

त्यांना शेण जास्त झालंय, आपल्याला पुरत नाही. त्यांचे कायदे इथे आणण्यात अर्थ नाही. पण ज्याच्याकडे जास्त आहे तो थेंबन्‌थेंब मोजतो, आणि कमी असलेले आपण उकिरडा उघडा टाकतो. पहिल्या वळवात त्याच्यातून तांबडं पाणी ओढ्याला लागतं, ते आपलंच नत्र आणि पालाश असतं. तेच पुढे आपण युरियाच्या आणि पोटॅशच्या पोत्यांतून विकत आणतो.

घरी आल्यावर मी दोनच कामं केली. गोठ्यातून मुताला पाट काढून खड्ड्यापर्यंत नेला, आणि उकिरड्यावर ताडपत्री टाकली. रोबो लागला नाही.