पुस्तकांतल्या गावांना जाऊन आलो

मुलांनो, मालवणला जायचं म्हटलं की तुमचे बेत काय असतात ते मला ठाऊक आहे. होडीतून सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीच्या समुद्रात डुंबणं, दुपारी माशांचं जेवण आणि निघताना पिशवीत गुळाचं खाजं. यंदा मे महिन्यात मीही हे सगळं केलं. पण चौथ्या दिवशी आमची गाडी वेगळ्याच वाटेला लागली. त्याला कारण झाला माझ्या मावसभावाचा मुलगा. यंदा नववीत गेलाय.

झालं असं की, त्याची निबंधाची वही माझ्या हाती लागली. 'माझा आवडता पदार्थ' या निबंधात त्याने 'आजीची सुंगटं' असं लिहिलं होतं. 'सुंगटं'वर तांबडी रेघ आणि वर दुरुस्ती, 'कोळंबी'. मी काही बोललो नाही. नुसतं विचारलं, "सुट्टीत वाचतोस काय?" त्याने परदेशी जादूगारांच्या पुस्तकांची नावं घडाघड सांगितली. वाईट नाहीत हं ती, मीही वाचली आहेत. म्हटलं, "आणि इथल्या गावांतलं काही?"

तो हसलाच. "काकानू, आमच्या गावार कोण पुस्तक लिवतलो? गोष्टी मुंबयत नायतर लंडनात होतत."

मी म्हटलं, "उद्या सकाळी सहाला आंघोळ करून तयार राहा."

मालवणहून कुडाळ साधारण तीस किलोमीटर. पहिला थांबा तिथेच. या कुडाळात एके काळी एक तरुण खानावळ चालवायचा. त्याचं नाव चिंतामण त्र्यंबक खानोलकर. जन्म १९३० सालचा, जवळच्याच तेंडोली गावातला. लोकांना जेवायला वाढायचं, हिशेब लिहायचा आणि त्यातूनच कविता करायच्या! खानावळीचं काही फारसं जमलं नाही म्हणतात. कवितेचं मात्र जमलं. कविता त्यांनी 'आरती प्रभू' या नावाने लिहिल्या आणि कादंबऱ्या, नाटकं स्वतःच्या नावाने.

"एका माणसाक दोन नावां कित्याक?" स्वारीने विचारलं. प्रश्न चांगला होता. त्याचं नेमकं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, म्हणून मी चहा मागवला.

कुडाळच्या पुढे पिंगुळी. इथल्या ठाकर समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्या नाचवतात आणि चित्रकथी सांगतात. चित्रकथी म्हणजे कागदावर रंगवलेली चित्रं एकामागून एक दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगायच्या. पडद्यावरचा सिनेमा यायच्या कितीतरी आधीचा हा सिनेमाच म्हणा ना! ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. दोऱ्या ओढल्यावर लाकडी बाहुली मान कशी वळवते ते पाहताना आमचे नववीतले साहेब पाचवीत गेल्यासारखे पुढे सरकून बसले होते.

आता गंमत ऐका. सावंतवाडीचे प्रवीण बांदेकर यांच्या एका कादंबरीचं नावच आहे 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'. तिला २०२२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे लंडनचं राहू दे, दिल्लीलासुद्धा इथल्या बाहुल्यांची खबर लागली! मात्र ही कादंबरी मोठ्यांसाठीची. त्यांची आधीची 'चाळेगत'सुद्धा तशीच. बदलत चाललेल्या कोकणाची. पालकांनो, तुम्ही ती जरूर आणा, वाचा आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवा. मुलं योग्य वेळी आपणहून काढतील.

तिथून खाली समुद्राकडे उतरलो. वेंगुर्ल्याच्या अलीकडे, वायंगणीजवळ कोंडुरा नावाची जागा आहे. एका अंगाला वाळू, दुसऱ्या अंगाला काळे खडक. भरतीचं पाणी खडकांच्या पोकळीत शिरलं की खोल कुठूनतरी घुमल्यासारखा आवाज येतो. भर दुपारी ऐकला तरी अंगावर काटा येतो, मग रात्री काय होत असेल! खानोलकरांनी याच नावाची कादंबरी लिहिली, 'कोंडुरा'. साल १९६६. श्रद्धा, भीती आणि माणसाच्या मनातला गोंधळ यांची ती गोष्ट. पुढे श्याम बेनेगलांनी तिच्यावर हिंदीत आणि तेलुगूत चित्रपट काढला. मी ती विसाव्या वर्षी वाचली आणि दोन रात्री दिवा लावून झोपलो. तेव्हा तुम्ही घाई करू नका.

आमचा गडी खडकावर उभा राहून ऐकत होता. मग एकदम म्हणाला, "मी हंय दोनदा इललंय. माका कोणी सांगूक नाय." ते तो जरा रागानेच म्हणाला. राग बरोबरच होता. सहलीला नेणारे आपण मोठे लोक किनाऱ्यावर वडापाव देतो, डोकी मोजतो नि परत गाडीत भरतो.

वेंगुर्ल्यात जेवलो. (कवी मंगेश पाडगावकर याच गावात जन्मले, १९२९ साली. हे मी भात कालवताना सांगितलं.) आणि मग आलं आरवली.

आरवलीचा वेतोबा ठाऊक आहे ना? देवळातली मूर्ती माणसाहून कितीतरी उंच. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा, म्हणून लोक त्याला नव्या वहाणा वाहतात. त्याही त्याच्याच मापाच्या, राक्षसी! आणि केळ्यांचे घड. हे जयवंत दळवींचं गाव. दळवींचा जन्म १९२५चा, म्हणजे त्यांची जन्मशताब्दी नुकतीच, २०२५ साली झाली. 'चक्र'सारखी मुंबईतल्या झोपडपट्टीची कादंबरी लिहिणारा हा माणूस मनाने मात्र आरवलीच्या वाटांवर फिरत राहिला. १९६४ साली आलेलं त्यांचं 'सारे प्रवासी घडीचे' हे पुस्तक म्हणजे कोकणातल्या गावाची जत्राच. हट्टी, विक्षिप्त, भांडखोर, प्रेमळ अशी एकेक वल्ली. हसता हसता मध्येच घशात आवंढा येतो.

देवळाबाहेर सावलीत बसून मी ते पुस्तक त्याच्या हातात दिलं. पान कुठलंही उघड म्हटलं. त्याने उघडलं, चार ओळी वाचल्या, थांबला. पुन्हा वाचल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काकानू, ह्या मालवणी असाच छापल्यानी?"

"असंच."

"आणि रेघ?"

"कुणी मारली नाही बुवा."

पुढचा अर्धा तास तो माझ्याशी बोललाच नाही. वाचत होता.

आरवलीला लागूनच शिरोडं. इथल्या शाळेत १९२० साली एक तरुण मास्तर आले आणि १९३८पर्यंत राहिले. ते वि. स. खांडेकर. याच शिरोड्याच्या मिठागरात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. खांडेकरांची पहिली कादंबरीही त्याच वर्षीची. पुढे 'ययाति' लिहून त्यांनी मराठीला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळवून दिला, १९७४चा. 'ययाति' तुम्ही कॉलेजात गेल्यावर वाचा. आत्ता त्यांच्या रूपककथा मिळवा. दोन-दोन पानांच्या असतात, त्यांत झाडं, फुलं, दगड बोलतात. खरं सांगू? काही मला आता फार उपदेशाच्या वाटतात. पण काही अशा आहेत की मुलांना वाचून दाखवताना मीच थांबतो.

घरी पोचेपर्यंत काळोख झाला. मावशी ओटीवर बसली होती. पोराने चपला काढल्या न काढल्या, तोच तिच्याशेजारी बसून दळवी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही, पण ऐकू खणखणीत येतं. एका शब्दाला तिने त्याला अडवलं.

"तसा नाय रे. शाळेतल्यासारख्या कित्याक वाचतंस? नीट म्हण."

त्याने नीट म्हटलं. मावशी तोंडाला पदर लावून हसली आणि म्हणाली, "हां, फुडे वाच."

जेवणं त्या दिवशी साडेदहाला झाली. सुंगटं होती.