एका वाड्याची दोन खाती

वऱ्हाडातील कुटुंबे पुण्यास जातात ती बहुधा मुलांचे शिक्षण, एखादे विवाहकार्य किंवा व्यापाराचे काम यांसाठी. अशा प्रवासात एक दिवस मोकळा मिळाला, तर दिवेघाट ओलांडून सासवड अवश्य पाहावे. पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर, कऱ्हा नदीच्या काठी वसलेले हे गाव संत सोपानदेवांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना परिचित आहे. अलीकडे मात्र कॅमेरा घेऊन येणारी तरुण मंडळी सरदार पुरंदरे यांच्या वाड्याचा पत्ता विचारतात. २०१८ साली प्रदर्शित झालेल्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटातील शापित वाडा तो हाच.

राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटामागे नारायण धारप यांच्या भयकथेची प्रेरणा आहे. तुंबाड हे गाव खरे आहे. ते कोकणात, जगबुडी नदीच्या काठी आहे. वाडा मात्र देशावरचा. पडद्यावर या दोन्ही जागा एक झाल्या आणि त्यांना जोडले ते पावसाने. खऱ्या पावसाळी आभाळाखाली दृश्ये टिपता यावीत म्हणून चित्रीकरण चार पावसाळे चालले, असे सांगतात. २०२४ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई झाली.

कथेतील हस्तर हा पूर्तीच्या देवीचा पहिला पुत्र. देवीपाशी सोने आणि धान्य दोन्ही अमाप. हस्तराने सोने घेतले. पण धान्याकडे हात वळवताच इतर देवांनी त्याला रोखले. त्यामुळे तो सोन्याच्या राशीतही सदैव भुकेलेलाच. विनायक त्याला कणकेच्या बाहुलीचे आमिष दाखवतो आणि तेवढ्या अवकाशात मोहरा काढून घेतो. एका बाहुलीत जेवढे मिळेल तेवढेच घ्यावे, हा या व्यवहाराचा नियम. पुढे बापलेक पुष्कळ बाहुल्या नेतात आणि तेथेच सर्वनाश ओढवतो. अकोल्याच्या डाळ मिलच्या आणि धान्य बाजाराच्या परिसरात वाढलेल्या वाचकाला या कथेचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सोने तिजोरीत राहते. भूक धान्यानेच भागते.

वाड्यासमोर उभे राहिल्यावर प्रथम दिसतात ते भक्कम बुरूज आणि उंच दरवाजा. हे घर कमी, गढी अधिक वाटते. पावसाळ्याचे दिवस, ढगाळ आभाळ आणि ओली दगडी भिंत असा योग जुळला, तर छायाचित्रात थेट चित्रपटच उतरतो. बहुतेक पाहुणे तेवढ्यावर समाधान मानून परततात.

परंतु या वाड्याचे दुसरे खाते इतिहासाचे आहे. अंबाजीपंत पुरंदरे हे बाळाजी विश्वनाथ यांचे विश्वासू सहकारी. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि १७२० मध्ये सासवड येथेच त्यांचे निधन झाले. पडत्या काळात साथ देणारा माणूस आणि त्या साथीवर उभी राहिलेली घराण्याची पत, हे या भिंतींचे खरे भांडवल. पडद्यावरील शाप कल्पनेतला आहे. तो या घराण्याच्या नावे लिहिला जाऊ नये. म्हणून येथे छायाचित्र घेताना परवानगी विचारावी आणि मुलांना दोन्ही कथा सांगाव्यात.

वऱ्हाडच्या प्रवाशासाठी येथे आणखी एक धागा आहे. सासवडजवळच पुरंदर किल्ला आहे. त्याला वेढा घालणारे मिर्झाराजे जयसिंह आणि शिवाजी महाराज यांच्यात जून १६६५ मध्ये तह झाला. त्याच जयसिंहांच्या नावाने ओळखली जाणारी देखणी छत्री अकोला जिल्ह्यात बाळापूरला, नदीकाठी उभी आहे. तिच्यावर कोणी चित्रपट काढलेला नाही, म्हणून तिकडे कॅमेरे फारसे वळत नाहीत. सासवडला शेकडो किलोमीटर जाणाऱ्या कुटुंबाने एखाद्या रविवारी मुलांना बाळापूरलाही न्यावे. तेथील दगडांचीही एक गोष्ट आहे. ती सांगणारे घरातले वडीलधारे हवेत.